चूल आपली, पंगत त्याची

अहो, ऐकलंत का? या ना जरा इकडे, कुंपणापाशी. मोठ्यानं बोलायची सोय नाही, त्यांच्या खिडक्या उघड्या आहेत. कोपऱ्यावरच्या नव्या बंगल्याची परवा वास्तुशांत झाली आणि तुम्ही नेमक्या पुण्याला गेलेल्या! एकेकाचे चेहरे बघायला हवे होते तुम्ही. बंगला म्हणाल तर काय… नांद्याच्या बाजूला त्यांची भातखाचरं होती ना, ती प्लॉटिंगवाल्यांना गेली, त्यातनंच उभा राहिला हा सगळा थाट. जाऊ दे, तो विषय वेगळा. त्यावर पुन्हा बोलू, वेळ काढून.

तर काय सांगत होते, त्यांची धाकटी सून. ती हो, स्कूटीवाली, पाषाणकडून सूसमार्गे येते रोज संध्याकाळी, हेल्मेटखाली ओढणी बांधून. आपल्याला वाटायचं की लॅबमध्ये रक्त तपासते. तर नाही! व्हायरसवर पीएचडी चाललीय तिची. थोरली जाऊ चारचौघींत काय म्हणाली, "आमच्या धाकटीला जंतू वाढवायला सांगा, छान वाढवते. पोळी लाटायला सांगितली तर नकाशा." आणि वर हसली. धाकटी गप्प. खाली मान घालून काकड्या चोचवत होती. मला तेव्हाच वाटलं, ही काही अशी सोडणार नाही.

आम्ही बसलो होतो मागच्या अंगणात, आचाऱ्याच्या भट्टीजवळ. आंबेमोहोराचा वास सुटलेला. तेवढ्यात कुणीतरी मोबाईल काढला आणि त्या चांदीपुराचा विषय निघाला. तो हो, 2024 च्या पावसाळ्यात गुजरातेत लहान मुलं गेली त्या तापानं, टीव्हीवर रोज दाखवत होते. आत्याबाईंना कमी ऐकू येतं, त्यांना वाटलं आपल्या चांदे गावातच निघाला! लगेच पदर नाकाला. कुणीतरी ओरडून सांगितलं, अहो, चांदीपुरा हे गाव नागपूरकडचं! तेव्हा कुठे पदर खाली आला.

मग जावईबापू बोलले. बोलणारच. हिंजवडीला कंपनीत आहेत ना, प्रत्येक गोष्ट त्यांच्या कॉम्प्युटरात आधीच होऊन गेलेली असते. म्हणाले, "व्हायरस म्हणजे सोपं आहे हो, कोड असतो नुसता. आत शिरतो आणि सिस्टिम हँग करतो."

इथे धाकटीनं विळी बाजूला ठेवली. म्हणाली, "कोड असतो ते बरोबर, भावजी. पण हँग नाही करत. हँग झाली तर त्याचं काम कोण करील? त्याला स्वतःला काहीच येत नाही. आपली कामं बंद पाडायची आणि त्याचं चालू ठेवायचं, ही खरी कला."

जावईबापूंच्या हातातला चहा तसाच राहिला की हो! त्यांच्या बायकोनं तेवढ्यात मुलाचं नाक पुसायला घेतलं, म्हणजे कुणाकडे बघायला नको.

आणि मग त्या पोरीनं जे सांगितलं ना… अहो, समोर आचारी होता, त्याच्यावरूनच सांगितलं. मांडवाच्या खांबाला चिठ्ठी टोचलेली होती, हळदीच्या बोटांचे ठसे उमटलेली, 'मसालेभात, दोनशे पानं' असं लिहिलेली. ती दाखवून म्हणाली, आपल्या अंगातल्या प्रत्येक पेशीत हेच चालतं. आतल्या खोलीत सासूबाई बसलेल्या, म्हणजे पेशीचं केंद्रक. त्यांच्यापाशी पाककृतींची वही, तो डीएनए. वीसेक हजार पाककृती आहेत त्या वहीत! पण वही बाहेर काढायची नाही. जे करायचं त्याची चिठ्ठी लिहून बाहेर पाठवायची, तो एमआरएनए. आणि बाहेर आचारी, ते रायबोसोम, लाखोंनी असतात एकेका पेशीत. ते चिठ्ठी वाचतात आणि पदार्थ करतात. पदार्थ म्हणजे प्रोटीन. व्हायरस येतो तो नुसत्या चिठ्ठ्या घेऊन. चूल नाही, आचारी नाही, शिधा नाही. त्या चांदीपुराकडे तर जेमतेम पाच पाककृती. पाच! आणि आपल्या वीस हजारांना गप्प करतो मेला.

कसं करतो विचाराल तर ऐका. आतल्या खोलीच्या दारात आपलाच एक माणूस असतो, राए-वन म्हणतात त्याला, चिठ्ठ्या बाहेर पोचवायला मदत करणारा. चांदीपुराचं एम नावाचं प्रोटीन असतं, ते दारात जाऊन त्यालाच धरून बसतं. झालं! सासूबाई आत लिहितायत, चिठ्ठ्यांचा ढीग लागतोय आणि बाहेर एकही येत नाही. व्हायरसचं काही अडत नाही, कारण त्याचा सगळा कारभार दाराबाहेर. त्याच्या चिठ्ठ्या स्वैपाकघरातच छापल्या जातात. आचारी रिकामे, समोर चिठ्ठी एकच, करतायत बापडे.

हे आधी कळलं ते त्याच्या चुलतभावावरून. अमेरिकेत गाईघोड्यांच्या तोंडाला फोड आणणारा व्हायरस आहे, नाव काही जिभेवर बसत नाही, व्हीएसव्ही म्हणतात. त्याचं एम प्रोटीन दार धरून बसतं हे दिसल्यावर 2001 मध्ये विस्कॉन्सिनच्या लोकांनी आपल्या चांदीपुराचंही तपासलं. तीच खोड! घराण्याचे गुण, दुसरं काय.

आणि हा चांदीपुरा सापडला कुणाला? आपल्या पुण्याला! 1965 मध्ये नागपूरकडे तापाची साथ होती, डेंग्यू-चिकुनगुनियाची. तिथल्या रुग्णांच्या रक्तात निघाला हा तिसराच. तो शोधणाऱ्या पुण्याच्या संस्थेला तेव्हा व्हायरस रिसर्च सेंटर म्हणायचे, 1952 मध्ये आयसीएमआर आणि रॉकफेलर फाउंडेशननं मिळून काढलेली. एनआयव्ही हे नाव मागाहून, 1978 मध्ये. भट्ट आणि रॉड्रिग्ज या दोघांनी 1967 मध्ये छापून आणलं त्याच्याबद्दल. तापाची दोन माणसं, त्यांच्या रक्तातला व्हायरस, एवढंच. पुढे कितीतरी वर्षं कुणी फारशी दखल घेतली नाही त्याची. मग 2003 आलं. आंध्रात 329 मुलं आजारी पडली आणि 183 गेली, मेंदूला सूज येऊन. आकडा ऐकल्यावर अंगणात कुणी बोलेना. आत्याबाईंनी नातवाला जवळ ओढून मांडीवर घेतलं, चांगला सात वर्षांचा घोडा आहे तो.

थोरल्या जावेचा चेहरा? थांबा हो, येते तिच्यावर.

मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. मी विचारलं तिला, अगं पण एवढी उठाठेव कशाला? जेवण हवं तर जेव ना, आमची चूल कशाला बंद? तर म्हणाली, "काकू, आचारी मोकळे होतात हे एक. पण दुसरं मोठं आहे. चोर शिरला की पेशी शेजारणींना हाका मारते." इंटरफेरॉन म्हणतात त्या हाकेला. लंडनमध्ये 1957 साली लागला शोध, आयझॅक्स आणि लिंडेनमन म्हणून होते दोघं. ती हाक पोचली की आजूबाजूच्या पेशी आपापल्या कड्या लावून घेतात. पण हाक म्हणजे तरी काय, तेही प्रोटीनच! त्याचीही चिठ्ठी आतूनच यायची. दारच धरलं तर चिठ्ठी अडकली, हाक घशातच. म्हणजे बघा हं, शेजारणीला सांगू न देणं हा त्याचा पहिला बेत. आणि हे आमचे आम्हाला म्हणतात, तुम्हा बायकांना कुंपणापाशी काय काम असतं!

तर काय सांगत होते… हां, मामा. मुळखेडचे मामा, गोठा आहे त्यांचा, आठ-दहा जनावरं. इतका वेळ तंबाखू मळत होते. ते म्हणाले, "पोरी, आमच्या लाळ्या-खुरकुताचं सांग. तो व्हायरसच ना?" धाकटीचे डोळे चमकले हो. म्हणाली, "मामा, तो तर पक्का बेरकी. तो दारात जातच नाही." चिठ्ठी आचाऱ्याच्या हातात कोण देतो? मध्ये एक मदतनीस असतो. चिठ्ठीच्या वर सासूबाईंचा शिक्का असतो, कॅप म्हणतात. शिक्क्याजवळ एकजण चिठ्ठी धरतो, मदतनीस त्याच्याशीही जोडलेला आणि आचाऱ्याशीही. खुरकुताचा व्हायरस कात्री घेऊन येतो आणि त्या मदतनिसाचे दोन तुकडे करतो! शिक्क्याकडचा तुकडा वेगळा, आचाऱ्याकडचा वेगळा. आता शिक्क्याची चिठ्ठी आचाऱ्यापर्यंत जायची कशी? आणि ह्याच्या स्वतःच्या चिठ्ठीला शिक्का नसतोच मुळी. तिला टोकापासून जरा आत एक आकडा असतो, तो आचाऱ्याकडच्या उरलेल्या तुकड्यात बरोब्बर अडकतो. पोलिओचीही तीच तऱ्हा, कात्री तेवढी वेगळी. दोन-तीन तासांत पेशीचा स्वतःचा स्वैपाक जवळजवळ थांबतो म्हणे.

मामांनी तंबाखू तोंडात न टाकता तशीच पुडीत परत ठेवली. "म्हणजे लस चुकवायची नाही," एवढंच म्हणाले. गेल्या खेपेला लस टोचणारे आले तेव्हा हे गोठ्याला कुलूप लावून पौडाला गेले होते, सगळ्यांना ठाऊक आहे. मामी त्यांच्याकडे अशी काही बघत होती…

मग काय, जो तो आपापला व्हायरस काढायला लागला! जसं काही जोशीबुवांना पत्रिकाच दाखवतायत. कुणी म्हणालं, स्वाइन फ्लू. आठवतंय ना 2009? नायडू हॉस्पिटलबाहेरच्या रांगा, सगळं पुणं तोंडाला रुमाल बांधून. तर हा फ्लू म्हणजे निव्वळ भामटा. थेट आतल्या खोलीत शिरतो, सासूबाईंच्या ताज्या चिठ्ठ्यांवरचे शिक्के कापतो, दहा-तेरा अक्षरांसकट, आणि स्वतःच्या चिठ्ठ्यांना चिकटवतो! आपल्या चिठ्ठ्या बिनशिक्क्याच्या, म्हणजे रद्दी. त्या कात्रीवरच बेतलेलं औषध जपानात 2018 मध्ये आलं, बॅलोक्झाविर नावाचं. कात्रीच धरून ठेवतं ते.

कोरोनाचं विचारलंच कुणीतरी. विचारणारच, पुण्यातच सापडले ना महाराष्ट्रातले पहिले रुग्ण, मार्च 2020 मध्ये, दुबईहून आलेले. तो मदतनिसालाही हात लावत नाही, शिक्क्यालाही नाही. सरळ आचाऱ्याकडे जातो! आचाऱ्याला चिठ्ठी घ्यायला एक खाच असते, तिच्यात स्वतःचं एक प्रोटीन बूच मारल्यासारखं खुपसतो. म्युनिकच्या लोकांनी त्याच वर्षी त्याचा फोटोच काढून दाखवला. ह्याच्या चिठ्ठ्यांच्या सुरुवातीला एक ठरावीक वळण असतं, तेवढ्यांनाच वाट मिळते.

आत्याबाई इतका वेळ ऐकत होत्या. ऐकत म्हणजे, निम्मं ऐकू येत होतं. त्या म्हणाल्या, "म्हणूनच का गं तापात अन्न जात नाही?" सगळे हसले. धाकटी नाही हसली. जवळ जाऊन कानाशी म्हणाली, "नाही आत्या, ते निराळं. हे एकेका पेशीतलं चाललंय, डोळ्याला न दिसणारं." मला आवडलं हो ते. दुसरी कुणी असती तर 'हो' म्हणून मोकळी झाली असती.

पण आत्याबाईही काही कमी नाहीत. म्हणाल्या, "आणि सासूबाई काय नुसत्या बघत बसतात? मी असते तर चुलीत पाणी ओतलं असतं. मी उपाशी, तर तूही उपाशी!"

अहो, धाकटी टाळ्या पिटायला लागली! म्हणे हेच, अगदी हेच करते पेशी! व्हायरसच्या चिठ्ठ्या छापताना मधेच दुपदरी कागद तयार होतो, आपल्या घरात तसा सहसा नसतो. तो दिसला की पीकेआर नावाचा एक राखणदार जागा होतो आणि पहिली मूठ शिधा आचाऱ्याला देणाऱ्याचे हात बांधतो. स्वैपाकच सुरू होत नाही, आपलाही नाही, त्याचाही नाही. पेशी स्वतः मरायला तयार होते, पण पाहुण्याला पोसत नाही. म्हणजे चूल कधी पाहुणा विझवतो, कधी घरचीच विझवते. आणि मग व्हायरसच धडपडतो ती पुन्हा पेटवायला! देवीच्या लशीत वापरायचे तो व्हॅक्सिनिया, त्याच्याकडे खास दोन प्रोटीनं आहेत या राखणदाराला गुंगारा द्यायला. पाच-पाच पाककृती घेऊन हिंडणारे कुठे आणि हा दोनशेवर पाककृतींचा सावकार कुठे! आत्याबाईंना मात्र एवढंच कळलं की आपण बरोबर होतो. त्यांनी लगेच पानाचा डबा उघडला.

जावईबापूंना इथे पुन्हा संधी दिसली. म्हणाले, "आमच्या हिंजवडीत ती जिनोव्हा कंपनी आहे, त्यांनी एमआरएनए लस काढली. तीही चिठ्ठीच ना?" धाकटी म्हणाली, "अगदी बरोबर, भावजी." बघा, किती जपून घेतलं तिनं! देशातली पहिली तसली लस ती, जून 2022 मध्ये परवानगी मिळाली. लस म्हणजे आपणच बाहेरून आत सोडलेली चिठ्ठी. पण परकी चिठ्ठी दिसली की राखणदार चूल बंद करतो, ही पंचाईत शास्त्रज्ञांना किती वर्षं छळत होती. कॅटालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांनी चिठ्ठीतलं एक अक्षर थोडं बदलून पाहिलं, तेव्हा राखणदार शांत राहिला आणि आचारी कामाला लागले. 2023 चं नोबेल मिळालं त्यावर. जावईबापू मग ताठ बसले, जणू चिठ्ठी त्यांनीच टाइप करून दिली होती.

तर काय सांगत होते… थोरली जाऊ. ती इतका वेळ वाढायच्या ताटांच्या आडून ऐकत होती. शेवटी राहवेना. म्हणाली, "हे सगळं ठीक आहे, पण उपयोग काय? चांदीपुरावर औषध आहे का?" बोलण्यात खोच होती, मला कळली ना.

धाकटी म्हणाली, "नाही ताई. लसही नाही आणि नेमकं औषधही नाही. वाळूमाशी चावते त्यातून येतो." ही वाळूमाशी डासाहून कितीतरी बारकी, साध्या मच्छरदाणीतून आत येते. मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्याच्या कोपऱ्यात ओलीला बसते. मामांनी परत पुडी काढली आणि परत ठेवली. पोराला अचानक जोराचा ताप, उलट्या, झटके आले तर तासांतासांचा हिशेब असतो, देवऋषी-अंगारा करत बसायचं नाही, उचलून दवाखान्यात न्यायचं. हे तिनं अगदी कडक आवाजात सांगितलं. थोरलीचा धाकटा चार वर्षांचा आहे. तिचा चेहरा असा उतरला हो, खोच कुठल्या कुठे गेली.

मग धाकटीनंच सावरून घेतलं. म्हणाली, उपयोग आहे, ऐका. त्या अमेरिकेतल्या चुलतभावाच्या एम प्रोटीनच्या माळेतला एकच मणी शास्त्रज्ञांनी बदलला, एक्कावन्नावा. झालं, त्याला दार धरताच येईना. आता असा व्हायरस चांगल्या पेशीत शिरला तर चिठ्ठ्या बाहेर येतात, हाक जाते, पेशी वाचते. पण कॅन्सरच्या पुष्कळशा गाठींमध्ये ती हाक मारायची, ऐकायची सोयच बिघडलेली असते. तिथे हा शिरतो, मनसोक्त वाढतो आणि गाठीतल्याच पेशी मारतो! अजून सगळं प्रयोगात आहे, उंदरांवर वगैरे, दवाखान्यात मागाल तर मिळणार नाही. पण ज्या खोडीनं तो आपल्याला मारतो तीच काढून घेतली की कामाला जुंपता येतो. मी तर तोंडात बोटच घातलं. अहो, इतकी वर्षं ही मुलगी सूसवरून जाते-येते आणि आपण तिला विचारतो काय, तर आज भाजी काय केलीस!

थोरली बराच वेळ काही बोलली नाही. तांब्या उचलला, ठेवला. मग अगदी हळूच, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, पण मी शेजारीच ना, म्हणाली, "उंदीर लागतात म्हणालीस ना? आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर आहेत चिक्कार. घेऊन जा की."

धाकटी म्हणाली, "पांढरे लागतात, ताई."

"मग मेले ते काय, तुझ्या कामाचे असतील तर पांढरेही शोधीन मी," असं म्हणून थोरलीनं तिच्या पानात स्वतःच्या हातानं दोन जिलब्या जास्त वाढल्या. मी बघितलं ना!